वाड्याचा दरवाजा: नक्षी कुठे असते, का असते आणि कशामुळे जाते

पुण्यात कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण, शुक्रवार या पेठांत अजूनही काही वाड्यांचे मूळ दरवाजे जागेवर उभे आहेत. बहुतेक सागवानी, काळ्या पाषाणाच्या जोत्यावर बसवलेले, माथ्यावर गणपती आणि कडेने वेल. असा दरवाजा पाहताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यावरची नक्षी मन मानेल तिथे कोरलेली नसते. दोन लाकडे जिथे जुळतात, खिळ्याचे डोके जिथे वर येते, जिथे फट राहते किंवा पाणी ओघळते, तिथे सुताराचा हात जास्त चाललेला दिसतो. म्हणूनच ‘नुसती शोभेची तर पट्टी आहे’ म्हणत एखादा तुकडा काढून टाकला की चार पावसाळ्यांत दरवाजा खिळखिळा होतो.

सुरुवात चौकटीपासून करू. चौकटीत चार लाकडे असतात: खाली उंबरा, दोन बाजूंना उभ्या बाह्या आणि वर कपाळपट्टी. उंबरा आणि कपाळपट्टी बाह्यांपाशी संपत नाहीत. दोन्हीकडे साधारण वीतभर पुढे जाऊन त्या भिंतीत रुतलेल्या असतात आणि भिंतीचे वजनच चौकटीला घट्ट धरून ठेवते. कोपऱ्यांत खाच-कुसवाचा सांधा असतो (एका लाकडाचे तासलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसते) आणि त्यातून आरपार लाकडी मेख मारलेली असते. सरस नाही, लोखंड नाही. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते, तेवढी हालचाल हा सांधा सहन करतो. चौकटीवरची वेल कोपऱ्याच्या जरा आधी थांबते आणि तिथे चौकोनात एक कमळ येते. डोळ्याला ती सुरेख अखेर वाटते, पण त्या कमळाखाली खाच आहे. आतून पोखरलेल्या जागी बाहेरूनही खोल कोरले तर लाकूड तिथेच फुटेल, म्हणून कोपऱ्यातले कोरीव काम उथळ ठेवून लाकडाची जाडी राखलेली असते.

बाह्यांवरच्या उभ्या पट्ट्या बाहेरून आत पायरी-पायरीने मागे सरकतात. ही रीत देवळाच्या दारावरून आलेली आहे. तिथे या पट्ट्यांना शाखा म्हणतात आणि तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येने त्या मोजतात: पानांची ती पत्रशाखा, मूर्तींची ती रूपशाखा, खांबाच्या घडणीची ती स्तंभशाखा. वाड्याच्या दाराला सहसा दोन-तीन पट्ट्या पुरतात. एक पानांची, एक मण्यांची, एक पिळाच्या दोराची. प्रत्येक पायरीची कड पावसाचे पाणी तोडते आणि ते झडपेपर्यंत पोचायच्या आत खाली सोडते. ऑइलपेंटचे थर चढून या कडा बुजल्या की पाणी सपाट पृष्ठभागावरून थेट सांध्यात जाते. नक्षी बुजल्याने दरवाजा विद्रूप दिसतो हे खरेच आहे, पण तो कुजतोही, आणि ते नुकसान जास्त मोठे आहे.

कपाळपट्टीच्या मध्यावर गणेशपट्टी. बऱ्याच दारांत गणपती कपाळपट्टीतच न कोरता वेगळ्या जाड ठोकळ्यावर कोरून मागून मेखांनी बसवलेला असतो. कारण व्यवहाराचे आहे. मूर्तीला उठाव हवा, त्यासाठी कपाळपट्टी आणखी दोन-तीन बोटे जाड घ्यावी लागली असती, आणि मूर्ती कोरताना चूक झाली तर अख्खे लाकूड वाया गेले असते. या ठोकळ्यावर वर्षानुवर्षे शेंदूर चढून मूर्तीचे नाक-डोळे दिसेनासे होतात. तो खरवडून काढायचा मोह होतो, पण जुना शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग असते. कोरडा खरवडला तर त्याची धूळ श्वासातून अंगात जाते. शिवाय शेंदराखालचे लाकूड कोणत्या अवस्थेत आहे, हे बाहेरून कळत नाही. तो थर तसाच राहू द्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता झडपा. मोठ्या दाराची झडप उभ्या जाड फळ्या शेजारी शेजारी लावून केलेली असते. मागच्या बाजूने आडवे दांडे असतात. पुढून मारलेला लांब खिळा फळी आणि दांडा दोन्ही पार करून मागे निघतो आणि तिथे त्याचे टोक वाकवून लाकडात ठोकून बसवतात. पुढच्या बाजूला दिसणाऱ्या पितळी किंवा लोखंडी फुल्या (फुलाच्या घाटाच्या टिकल्या) या खिळ्यांच्या माथ्यांवर बसलेल्या असतात. फुल्यांच्या आडव्या ओळी मोजल्या की मागे किती दांडे आहेत ते दार न उघडताच कळते. ओळीतली एखादी फुली गळाली असेल तर तिथला खिळा सैल झालाय का, हे आधी तपासावे.

दोन झडपा मिळतात तिथे मधोमध उभी कोरीव पट्टी असते. बहुतेक वेळा दारावरचे सर्वांत बारीक काम हिच्यावरच सापडते. ही पट्टी फक्त एका झडपेला जोडलेली असते आणि दुसऱ्या झडपेवर बोटभर चढून फट झाकते. म्हणून झडपा मिटण्या-उघडण्याचा क्रम ठरलेला असतो. दुरुस्तीत हिचीच चूक फार वेळा होते: पट्टी सैल झाली म्हणून पलीकडच्या झडपेतही दोन स्क्रू मारले जातात. मग दार ओढताना पट्टीच चिरते, आणि शंभर-दीडशे वर्षे टिकलेली वेल मधोमध दुभंगते.

या दारांना बिजागऱ्या नसतात. झडपेच्या कडेचे लाकूड वर आणि खाली गोल खुंट्यासारखे वाढवलेले असते. खालचा खुंटा दगडातल्या वाटीत फिरतो, वरचा कपाळपट्टीमागच्या लाकडातल्या भोकात. झडपेचे सगळे वजन खालच्या वाटीवर येते. खुंटा झिजला की झडप मधल्या बाजूने खाली झुकते आणि उंबऱ्यावर कमानीसारखा ओरखडा उमटतो. ओरखडा दिसला की सुतार खालची कड रंध्याने तासायला काढतो. तसे करू देऊ नये. दुखणे वाटीत आहे. वरचे भोक सहसा खालच्या वाटीपेक्षा खोल असते, त्यामुळे झडप सरळ वर उचलली की खालचा खुंटा मोकळा होतो. वाटीतला कचरा काढून तळाशी योग्य जाडीची लोखंडी चकती ठेवली की झडप पुन्हा आपल्या उंचीवर येते. हे काम चार माणसांचे आहे. सागाची मोठी झडप दोघांच्या हातून निसटली तर उंबरा आणि पाय दोन्ही जायबंदी होतात.

पावसाळ्यात दार अडकते म्हणून तासणे हीही तशीच चूक. आडव्या दिशेने सागात ओलाव्याप्रमाणे बदल होतो. उन्हाळा आणि पावसाळा यांत ओलाव्याचा फरक ५ टक्के पडला, तर ३० सेंटिमीटर रुंदीची फळी सुमारे ३ मिलिमीटर फुगू शकते. झडपेत अशा दोन-तीन फळ्या असल्या की ६ ते ९ मिलिमीटरचा फरक पडतो. जुलैत तासलेल्या दारात मार्चमध्ये चांगलीच फट पडते. तासायचेच असेल तर कोरड्या महिन्यांत मापे घेऊन ठरवावे.

मोठ्या दरवाज्याच्या एका झडपेत माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा असतो. रोजची ये-जा त्यातून, मोठी दारे पालखी, घोडा, लग्नाची वरात यांच्यासाठी. आतल्या बाजूला अडसर. हा चौरस जाड वासा भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढतात आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत सरकवतात. भिंतीतली ती खोबण पुष्कळ ठिकाणी सिमेंटने बुजवलेली आढळते.

संरक्षणासाठी हेच भाग किती मोठे होतात ते शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर पाहावे. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, तट आणि दरवाजे राहिले. दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक झडपेवर ७२ अणकुचीदार खिळे आहेत, ९ आणि ८ च्या ओळींत, हत्तीने धडक दिली तर त्याच्या कपाळाशी येतील अशा उंचीवर. उजव्या झडपेत दिंडी आहे. दरवाजा ओलांडल्यावर वाट सरळ आत जात नाही, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळते. घरगुती वाड्याच्या दारावरची शोभिवंत फुली आणि इथला खिळा हे एकाच घराण्यातले. फुलीने फक्त आपले टोक बोथट केले आहे.

नक्षीवरून काळ ओळखता येतो का? बऱ्यापैकी येतो. पेशवाईतल्या कामात सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, केळफुले आणि पाकळ्यांची महिरप ही त्रयी वारंवार दिसते. सुरूचा खांब खाली पानांच्या घटातून उगवतो, मध्ये फुगतो, वर निमुळता होतो. महिरपीच्या कोपऱ्यांतून केळफूल खाली लोंबते. हे सगळे एकत्र पाहायचे तर सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा गाठावा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा १८०७ चा, आणि त्याची रस्त्याकडची लाकडी दर्शनी बाजू म्हणजे या शैलीचा उघडा पाठच आहे. १८१८ नंतर इंग्रजी अमदानीत दाराच्या माथ्यावर रंगीत काचांचा अर्धवर्तुळाकार झरोका येतो, ओतीव लोखंडाचे कठडे येतात, झडपा फळ्यांच्या ऐवजी चौकोनी पॅनेलच्या होतात आणि पुढे बिजागऱ्या लागतात. एकाच दारात दोन्ही काळ दिसले तर गोंधळू नये. चौकट जुनी आणि झडपा नंतरच्या, असे खूपदा असते.

कपाळपट्टीवर किंवा बाजूच्या दगडावर शके कोरलेले असेल तर त्यात ७८ मिळवावे: शके १७०२ म्हणजे १७८०. पौष ते फाल्गुन या महिन्यांत इंग्रजी वर्ष बदललेले असू शकते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचे नावही दिले असेल तर ताळा करता येतो, कारण ते नाव ६० वर्षांनीच परत येते.

दगडातले दार वेगळे. आपला काळा पाषाण कठीण, छिन्नीला सहज दाद देत नाही, म्हणून वाड्यांच्या दगडी कामात पाथरवट सहसा सपाट कमळे आणि साध्या गोलाईच्या पट्ट्यांवर थांबतो. सोमवार पेठेतले त्रिशुंड गणपतीचे देऊळ याला मोठा अपवाद. १७५४ मध्ये काम सुरू झाले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. दर्शनी भिंतीवर आणि दाराभोवती द्वारपाल, मोर, झुंजणारे हत्ती आहेत. गेंड्याला साखळदंडाने जखडणारे गोरे शिपाईही आहेत. पेठेतल्या एका देवळाच्या भिंतीवर अठराव्या शतकातल्या राजकारणाची ही एवढी थेट खूण पाहून दर वेळी थक्क व्हायला होते. सकाळच्या तिरप्या उजेडात जावे. दुपारच्या उन्हात दगडातले बारीक उठाव सपाट दिसतात.

लाकडावरचे काम कसे होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दुरुस्ती जमते की नाही हे त्यावर ठरते. फळी रंध्याने साफ करून गुण्याने काटकोन तपासतात. नक्षीचा कागद सुईने टोचून, त्यावर गेरूची किंवा कोळशाची पूड झटकून नक्षी लाकडावर उतरवतात. मग आधी ‘जमीन’ खाली घेतात, म्हणजे नक्षीभोवतीचे लाकूड पटाशीने आणि लाकडी मोगरीने एकसारखे उतरवतात. वेलीच्या पट्टीत ही खोली साधारण ६ ते १२ मिलिमीटर असते, गणपतीच्या ठोकळ्यात ती कित्येक पट वाढते. त्यानंतर गोल पटाशीने पाना-फुलांना गोलाई, आणि शेवटी बारीक कोरणीने शिरा. पटाशी रेषांच्या दिशेने चालली तर काप गुळगुळीत येतो, उलट चालली तर लाकूड उचकटते. जुन्या कामात पानाच्या दोन बाजूंचे काप दोन दिशांनी मारलेले स्पष्ट दिसतात. यंत्रावर कोरलेल्या नव्या पट्टीत सगळ्या शिरा एकाच खोलीच्या असतात आणि ‘जमीन’ काचेसारखी सपाट असते. जुन्या आणि नव्या तुकड्यांतला फरक बोटाने चाचपूनही कळतो.

दारे जातात ती बहुतेक खालून. पेठांतले रस्ते वेळोवेळी डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढून उंच झाले. ज्या उंबऱ्याला एकेकाळी दोन पायऱ्या चढून जावे लागे, तो आता रस्त्याच्या बरोबरीने किंवा खाली आला आहे. पावसाचे पाणी उंबऱ्याशी थांबते आणि बाह्यांच्या तळटोकांतून वर चढते. लाकूड आडव्या बाजूपेक्षा टोकातून कितीतरी वेगाने पाणी ओढते. वर नक्षी ठणठणीत आणि खालचा हातभर भाग भुसभुशीत, असे चित्र यामुळे दिसते. त्यातच भोवतीचा जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती चौकटीत शिरते. दाराभोवती दुरुस्ती चुन्यातच करावी: १ भाग चुना, २ ते ३ भाग वाळू आणि विटांचा चुरा, आणि निदान आठवडाभर ओले पोते मारून ठेवणे.

वाळवीचे तसेच. सागाचा तपकिरी गाभा ती सहसा खात नाही, पण कडेचा फिकट पट्टा खाते आणि त्या वाटेने आत शिरते. मातीच्या नळ्या पुढून पुसून वर फवारा मारल्याने काही साधत नाही. उंबऱ्याची भिंतीत रुतलेली टोके आणि खालची जमीन यांवर उपाय करावा लागतो.

आता रंग. सोलण्यासाठी कॉस्टिक सोडा, वाळूचा मारा आणि ब्लोलॅम्प हे तिन्ही वर्ज्य. कॉस्टिक लाकडात मुरतो, साग काळा पडतो, तंतू सुटे होतात आणि पुढे पांढरे क्षार वर येत राहतात. वाळूचा मारा मऊ तंतू खाऊन कडक शिरा मागे ठेवतो. ज्योतीने बारीक कडा जळतात. जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच काम करावे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग इतकी बंधनकारक झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून सँडपेपर कोरडा चालवू नये, चांगल्या प्रतीचा मास्क लावावा आणि मुलांना लांब ठेवावे.

आधी कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेवर चाचणी घ्यावी. जेलसारखा रंग काढणारा रिमूव्हर जाडसर लावून डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत ठेवावा, मग बांबूच्या टोकदार काड्या आणि लाकडी पट्टीने सुटलेला थर काढावा. खरवडायचे धातूचे हत्यार नक्षीत नेऊ नये. थर पाच-सहा असतील तर एका वेळी एक-दोनच निघतात, घाई करू नये. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून दार पूर्ण वाळू द्यावे. खाली मूळ नैसर्गिक रंगाचा किंवा सोनेरी वर्खाचा अंश दिसला तर तिथेच थांबून जाणकाराला बोलवावे.

तेल द्यायचे तर उकळलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, पातळ हात. वीसेक मिनिटांनी न मुरलेले सगळे तेल पुसून घ्यावे, दुसरा हात दोन-तीन दिवसांनी. कच्चे तेल लावले किंवा जादा तेल राहिले तर ते चिकट होते आणि रस्त्याची धूळ धरून नक्षी पुन्हा बुजते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात, हा धोका खराच आहे, विशेषतः लाकडी वाड्यात. पाण्यात बुडवून मगच टाकावीत.

भेगांत लांबी (पुटी) किंवा इपॉक्सी भरू नये. पावसाळ्यात लाकूड फुगले की कडक भरणा बाजूची नक्षी फोडतो. रुंद भेगेत त्याच दिशेच्या रेषांची सागाची पातळ पट्टी बसवावी आणि सरस तिच्या एकाच बाजूला लावावा, म्हणजे दुसरी बाजू हालचालीला मोकळी राहते. कुजलेला तळ कापून नवे लाकूड सांधताना सांधा तिरका घ्यावा आणि उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. नव्या तुकड्यावर जुन्यासारखी नक्षी हुबेहूब उठवायचा अट्टहास आम्हाला पटत नाही. पट्ट्यांची जाडी आणि पायऱ्या जुळल्या की पुरे, पाने कोरी राहिली तरी चालतील. स्क्रू लागलेच तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे, कारण ओल आणि लोखंड एकत्र आले की सागावर काळे डाग पडतात. वीजमीटर, केबल आणि पाट्या चौकटीवर ठोकू नयेत, भिंतीवर घ्याव्यात.

महापालिकेच्या वारसा यादीत वाडा असेल तर त्याची श्रेणी (१, २ किंवा ३) पाहून आधी परवानगी घ्यावी. शंभर वर्षांपेक्षा जुने कोरीव दार १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली पुरावशेष ठरू शकते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे जवळून पाहता येतात. सुताराला काम सांगण्याआधी त्याला तिथे एकदा घेऊन जावे.

वाडा पडणारच असेल तर दार वाचवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी समोरून, मागून आणि प्रत्येक सांध्याचे फोटो, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून नोंद. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने नव्हे, तर बांधलेल्या धातूच्या बिल्ल्याने क्रमांक. मग फुल्या तशाच ठेवून कड्या-कोयंडे काढायचे, त्यानंतर झडपा वर उचलून, त्यानंतर गणेशपट्टी. वरच्या भिंतीला टेकू दिल्यावरच विटा हाताने काढून कपाळपट्टीची टोके मोकळी करायची. पहारीने चौकट उचकटली की कुसू तिथेच मोडतात. मेखा मागून ठोकून काढाव्यात आणि जपून ठेवाव्यात. लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, आडव्या फळ्यांवर सपाट, वारा खेळेल असे ठेवावे. प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यास ते आतून घामेजून बुरशी धरते. पुन्हा उभे करताना उंबरा रस्त्यापेक्षा निदान वीतभर उंच दगडावर घ्यावा, बाह्यांच्या तळटोकांना तेलाचे तीन-चार हात द्यावेत, आणि भिंतीत जाणाऱ्या टोकांभोवती सिमेंट न भरता चुना भरावा.